लेकीचा हिस्सा

पन्नाशी उलटली तरी कळंबच्या जयवंताला कुणी तिचं मत विचारलं नव्हतं. एक दिवस टॅब घेऊन सरकारी पाहणीवाली मुलगी आली आणि प्रश्न विचारायला टॅबनं घरातून नेमकं जयवंताचंच नाव निवडलं. तरी उत्तरं देत होता नवरा, कोंडाजी.

"बापाच्या जमिनीत मुलीला हिस्सा मिळावा का?"

"मिळायलाच पायजे. होय लिवा."

जयवंताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रिसॉर्टला बापाचं शेत विकताना यानंच सख्ख्या बहिणीला, सोनुबाईला, साडी नेसवून हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली होती.

"मत माझं इचारलंय," ती म्हणाली. "लिव गं, हिस्सा मिळावा. आन या घरानं तो बहिणीला दिला नाय, हे पण लिव."

"त्याला रकाना नाही, मावशी," म्हणत मुलीनं 'होय'वर बोट ठेवलं.

कोंडाजीनं त्या दिवसापासून अबोला धरला. जयवंतानं त्याची मनधरणी केली नाही. ती भिसेगावला सोनुबाईकडे गेली आणि म्हणाली, "कोर्टात जा. मी साक्ष देते."

सोनुबाईनं तिला आत घेतलं नाही.

"त्या कागदावर साक्षीदाराची सही तुझीच हाय, वयनी," ती म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं.