हडळीची साडी कोण धूत होतं?

माझ्या संसारावर एका भुताच्या सिनेमाचे उपकार आहेत. सिनेमा अगदी टुकार होता. जरा बरा असता, तर मी दुसऱ्या दिवशी माहेरी गेले असते आणि भिलाईला पुन्हा आले असते की नाही, देव जाणे.

तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं. पोलादाच्या कारखान्याची पहिली भट्टी पेटली होती, बाकीचा कारखाना उभा राहतच होता. भंडाऱ्याकडच्या, माणसांनी गच्च भरलेल्या घरातून मी एकदम दोन खोल्यांच्या क्वार्टरची मालकीण झाले. स्वतःची चूल, स्वतःचा नळ. दिवसातून दहादा मी तो नळ उगाच सोडून बघायची.

मग नवऱ्याला रात्रपाळी लागली आणि मालकिणीचं अवसान गळालं. रात्री भट्टीतला तापलेला स्लॅग, म्हणजे लोखंडाची वितळलेली मळी, ओतला की आभाळ तांबडं व्हायचं आणि भिंतीवर सावल्या हलायच्या. तेही एक वेळ सोसलं असतं. पण भिंतीपलीकडून काहीतरी जड, हळूहळू फरफटत नेल्याचा आवाज यायचा. मी उठायची, पाटा ओढत दाराशी न्यायची आणि वर वरवंटा ठेवायची. पाटा-वरवंट्याला अडणारं ते भूत कोणत्या जातीचं, असा प्रश्न मला शहाणीला पडला नाही.

नवऱ्यासमोर मात्र ताठा. म्हटलं, "मले इथलं पाणी मानवत नाही."

"पाणी का रात्रपाळी?"

"मी काही भूतबीत मानत नाही."

"भुताचं नाव कोनं काढलं?" तो म्हणाला.

शेवटी ठरलं. सोमवारपासून पुन्हा रात्रपाळी होती, त्याआधी तो मला माहेरी सोडणार होता. मी गेले की तो क्वार्टर सोडून मित्रांच्या खोलीत राहायला जाणार, आणि मी परतायचं ते सासरच्या गावी, कायमचं. ट्रंक भरताना मी चुलीकडे बघून रडले. नवऱ्याकडे बघून रडायला हवं होतं, पण खरं ते सांगते.

रविवारी संध्याकाळी मैदानात पडदा लागला. भुताचा पिच्चर.

"मानत नाहीस ना? मंग चाल," नवरा म्हणाला.

नाही म्हणायची सोय नव्हती. मी पदराच्या गाठीत एक लिंबू बांधलं आणि निघाले.

बायका एकीकडे, पुरुष एकीकडे, ज्याची त्याची चटई. माझ्या शेजारी भिंतीपलीकडची अक्का येऊन बसली. ती आंध्रातली, तिचा नवरा माझ्या नवऱ्याच्याच पाळीत. तिला मराठी येत नव्हतं, मला तेलुगू, आणि दोघींनाही आपापल्या हिंदीची लाज. नळावर नुसतं हसायचो.

सिनेमा सुरू झाला. पडका महाल, वादळ, एक दिवा. "अब बुझेगा," मागून कोणीतरी म्हणालं, आणि दिवा विझला. "अब दरवाजा." दार करकरलं. "बिल्ली कहाँ रह गई भाई?" मांजरही आलं. मी लिंबू मुठीत धरून होते. मग केस सोडून, गाणं म्हणत, पांढऱ्या साडीतली हडळ आली. सगळं मैदान गप्प झालं.

अक्का माझ्याकडे वाकली आणि अगदी गंभीरपणे म्हणाली, "ये भूत भिलाई का नै. इतना सफेद साडी? साबुन कौन सा लगाती, पूछो."

आमच्याकडे तेव्हा तांबड्या मुरुमाची धूळ. वाळत घातलेलं पांढरं धोतर संध्याकाळी भगवं होऊन आत यायचं. माझ्या तोंडून हसू असं फुटलं की पुढच्या बायका वळल्या. अक्काने त्यांनाही ते सांगितलं आणि हसू चटई-चटईवरून पसरत गेलं. तेवढ्यात तिकडे स्लॅग ओतला. आभाळ उजळलं, पडदा नारिंगी झाला आणि हडळ किंकाळीच्या मध्यावर पुसली गेली. नुसता आवाज उरला. "लो, साडी का रंग भी गया," कोणीतरी ओरडलं.

हसून पोट दुखलं तेव्हा अक्काला माझी मूठ दिसली. "ये निंबू?"

"भूत के लिए," मी म्हटलं. त्या क्षणी हिंदीची लाज गेली, कारण त्याहून मोठी, भुताला भिण्याची लाज गेली होती.

ती हसली नाही. हळूच म्हणाली, "मेरेको बी डर लगता. रात में उदर से कुछ घसीटने का आवाज आता. मैं पेटी खींच के दरवाजे को लगाती."

ती पेटी ओढायची म्हणून मी पाटा ओढायची, आणि मी पाटा ओढायची म्हणून ती पेटी. आम्ही दोघी एकमेकींची भुतं होतो.

सोमवारी दिवेलागणीला अक्का चटई बगलेत मारून आली. नवरा डबा घेऊन उभा होता. त्याने ट्रंककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"पाणी मानवलं वाटते," तो म्हणाला.

ते लिंबू अक्काने त्याच रात्री भातावर पिळलं. पुढे कितीतरी वर्षं, दोन्ही नवरे रात्रपाळीला असले की आम्ही एकाच घरात झोपलो. एकदा तिच्या, एकदा माझ्या. माझी दोन्ही बाळंतपणं तिने काढली. आईची आठवण येऊ दिली नाही.

तो सिनेमा पुन्हा कुठे लागला नाही, लागायच्या लायकीचाही नव्हता. पण करणाऱ्यांचं भलं होवो. फक्त ती साडी कोण धूत होतं, तेवढं कळलं असतं तर बरं झालं असतं.