पदकावरची एस. बाई

सोनाक्का चालायची नाही, पळायची. ऐंशी ओलांडल्यावरही बेंगळुरूतल्या शिवाजीनगरच्या बाजारात कोथिंबीर आणायला निघाली की पदर खोचायची आणि सुटायची. मी नोकरीसाठी पुण्याहून बेंगळुरूला आले आणि तिच्या माडीवर भाड्याने राहू लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी तिने मला बजावलं, "अहो-जाहो करू नको. अक्का म्हण, काम झालं." तिला जाऊन आता वर्ष होईल.

तिचं घराणं शिवाजीमहाराजांच्या काळापासून इथलं. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि उंबऱ्यावर दोन्हींची खिचडी. "स्वल्प थांब" असं जगाला सांगायची, स्वतः मात्र कधी थांबायची नाही. माझ्या बोलण्याची तर ती यथेच्छ टर उडवायची. "तुम्ही पुण्याचे लोक एक वाक्य संपवायला केवढा वेळ घेता! तेवढ्यात माझे शंभर मीटर होतात."

हे शंभर मीटर म्हणजे तिचा जीव की प्राण. देवघरात बाळकृष्णाच्या शेजारी तिचं पदक असायचं. तरुणपणी राज्य स्पर्धेत मुलींच्या शर्यतीत मिळालेलं, पहिल्या क्रमांकाचं. लाल फीत विटून गुलाबी झालेली. मागे इंग्रजीत कोरलेलं, 'एस. बाई'. सोनाबाईतली बाई म्हणजे आडनावच, असं समजून स्पर्धेच्या कारकुनाने ते तसं लिहून ठेवलं होतं. येईल-जाईल त्याला अक्का ते दाखवायची आणि शर्यत अशी सांगायची की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी. मी ती दहा वेळा ऐकली, आणि दहाही वेळा माझ्या मुठी वळल्या.

एकदा ती एका लग्नाहून परतली आणि चक्क खुर्चीत बसली. मी घाबरलेच.

"सुभद्राबाई इंदिरानगरला मुलाकडे राहायला आलीय म्हणे," ती म्हणाली. "त्या शर्यतीत एस. बाई दोन होत्या गं. एक मी, एक ती. माईकवर नुसतं 'एस. बाई पहिली' म्हणाले. ती लांब पाणी पीत होती, मी जवळ होते. गेले आणि घेतलं."

"पण पहिली तूच होतीस ना?"

"पळताना मला तिची वेणी दिसत होती. वेणी दिसतेय म्हणजे मी कुठे होते, सांग बघू."

मला तिचा भयंकर राग आला. साठ वर्षं दुसरीचं पदक देवघरात! पण तिचा चेहरा इतका एवढासा झाला होता, की राग टिकेना. "देऊन टाक, अक्का," मी म्हणाले.

"सरी, चल," ती ताडकन उठली. "आत्ताच. उद्या तिचा नाहीतर माझा भरवसा काय?"

ऑटोत ती सीटच्या अगदी कडेला बसली होती. "बेगा, अण्णा, बेगा!" म्हणून ड्रायव्हरला पिटाळत होती, आणि मधेच माझा हात घट्ट धरून विचारत होती, "दारातून हाकललं तर?"

दार सुभद्राबाईनेच उघडलं. काठी टेकत आली होती. अक्काने नमस्कार-चमत्कार काही केले नाहीत. पदक पुढे धरलं. "हे तुझं. मी घेतलं होतं."

सुभद्राबाईने ते उलटसुलट करून पाहिलं. आता ही 'राहू दे गं' म्हणणार, असं मला वाटलं. कसलं काय! तिने काठी भिंतीला टेकवली आणि म्हणाली, "घाल की मग गळ्यात. किती उशीर केलास, सोने!"

"तुला ठाऊक होतं?"

"पहिली कोण आली ते पहिलीला ठाऊक नसतं होय?"

"मग मागितलं का नाहीस?"

"मागितलं असतं तर दिलं असतंस?"

अक्काने प्रामाणिकपणे विचार केला. "नाही," ती म्हणाली.

मग दोघी अशा हसत सुटल्या की मला दोघींना धरावं लागलं. अक्काने ती फीत तिच्या गळ्यात घातली, दोन पावलं मागे सरकली आणि टाळ्या वाजवू लागली. इतक्या जोरात, की समोरच्या बाल्कनीत माणसं जमली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि अक्का त्यांना कन्नडमध्ये ओरडून सांगत होती, "हिने मला हरवलं! मला! या सोनाबाईला!"