खंडेनवमीला काढलेला प्लग

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली. कारखान्याच्या आठवणी निघाल्या की सर्व्हर जळाल्याचं सांगायचो आणि तिथंच थांबायचो. आज पुढचं लिहितो.

सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्यात मी व्यवस्थापक होतो. सगळी डिझाइनं, सगळ्या ऑर्डरी एका सर्व्हरवर असत. तो सांभाळणाऱ्या बाईंनी शहराबाहेर कुंभारी गावातल्या गोदामात दुसरा संगणक बसवून घेतला होता. इथं डिझाइनमधली एक रेघ बदलली, की मिनिटाभरात तिची नक्कल तिथं पोचे.

लेकीच्या बाळंतपणासाठी बाई रजेवर गेल्या. जाताना म्हणाल्या, "साहेब, पडद्यावर कुंभारीचा दिवा हिरवा हाय का, तेवढं रोज बघा."

मध्येच खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडं माग थांबतात. हातोडीलासुद्धा हळदकुंकू आणि सुट्टी. कुंभारीच्या यंत्रानं काय पाप केलंय, म्हणून मी स्वतः जाऊन त्याचा प्लग काढला, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. दसऱ्यानंतर प्लग लावायचा राहिला. दिवा बघायचाही राहिला.

बाई परतायच्या आदल्या दिवशी शॉर्टसर्किटनं सर्व्हर जळाला. दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच कुंभारीला जाऊन आल्या. मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "दसऱ्यापासूनची नक्कल कुठाय?"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी फरशीकडं.

"माझ्याकडनं राहिलं, मालक," बाई म्हणाल्या.

"रजेवर जायच्या आधी नीट लावून जाता येत न्हाय व्हय?"

मग त्या कामाला लागल्या. जुनं सगळं कुंभारीहून आणलं. नव्या डिझाइनांसाठी एकेका मागाजवळ जाऊन पेनड्राइव्ह गोळा केले, कारण मागाला डिझाइन त्यातूनच दिलं जाई. जे त्यातही नव्हतं, ते नमुन्याच्या टॉवेलाचे धागे मोजून पुन्हा काढलं. चौथ्या दिवशी सगळे माग सुरू झाले. एकही ऑर्डर बुडाली नाही, एकाही कामगाराला घरी बसावं लागलं नाही. माझी नोकरीची उरलेली दोन वर्षं मानानं गेली, निरोपाला शालही मिळाली. ते सगळं बाईंचं देणं. त्यांच्याकडून मात्र मालकांनी संगणकाचं काम काढून घेतलं आणि त्यांना पॅकिंगला बसवलं.

निवृत्तीनंतर मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी नातू माझ्या मांडीवर दिला, चहा केला. मी विषय काढणार, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "ती झेंडूची माळ मी कुंभारीला गेले तवाच काढून टाकली होती की. कुणी बघितली न्हाय. तुमची दोनच वर्षं राहिली होती, साहेब."

मी फक्त चहा गरम आहे म्हणालो. त्यानंतर चारदा गेलो, चारदा चहा पिऊन आलो. प्रत्येक वेळी रिक्षात एकच वाक्य घोकत होतो, आणि ते त्यांच्या दारापर्यंतच पोचलं:

"बाई, प्लग मी काढला होता, हे मी त्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं. मला माफ करा."