लंगड्या चिंबोरीचा काठ

भिवंडीत नकलेला नक्कल म्हणत नसत, ‘उतरवणं’ म्हणत. आणि उतरवावं तर लडकू मास्तरनेच, असं एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या सुमाराला सगळ्या बाजारात बोललं जायचं. व्यापाऱ्याने इचलकरंजीच्या नाहीतर मालेगावच्या पातळाचा हातभर तुकडा आणून टाकायचा, लडकूने तो उजेडात धरून भिंगातून धागा न् धागा न्याहाळायचा आणि चौकटींच्या कागदावर काठ जसाच्या तसा उतरवून द्यायचा. मग त्या कागदाबरहुकूम लाकडी पट्ट्यांच्या भोकांत खुंट्या ठोकायच्या आणि पट्ट्यांची माळ मागाच्या डोक्यावर डॉबीला, म्हणजे धागे उचलणाऱ्या यंत्राला, चढवायची. खुंटी असेल तिथे धागा उचलला जायचा, नसेल तिथे पडून राहायचा. अस्सल पातळ कुठलं आणि भिवंडीचं कुठलं, हे मग ते विणणाऱ्यालाही सांगता येत नसे.

हा लडकू मानकोलीचा. तो लहान असतानाच घरचे ख्रिस्ती झालेले. पाळकांनी बाप्तिस्म्याला लूक नाव ठेवलं, पण आईच्या जिभेला काही ते वळेना, आणि आई वळेना म्हटल्यावर गावाने तरी कशाला वळवून घ्यावं? धर्म त्याला आयता मिळाला होता आणि आयत्या मिळालेल्या वस्तूसारखाच तो वापरत होता. रविवारी धुतलेला सदरा, गाणी खड्या आवाजात, आणि सोमवारपासून पुन्हा उतरवणं. त्यातला रविवारही त्याने झगडून मिळवलेला. भिवंडीत लूम म्हणजे यंत्रमाग बंद राहतात ते जुम्म्याला, शुक्रवारी. रविवारी सगळीकडे खडखडाट चालू. म्हणून रविवारची सकाळ लडकूने देवाला द्यावी आणि शुक्रवारी बंद कारखान्यात एकट्याने बसून ती कारखान्याच्या मालकाला, गफूरसेठला, भरून द्यावी, असा दोघांचा करार होता. करार तोंडी, पण कधी मोडला नाही.

त्या वर्षी चर्चमधल्या दहा आज्ञांची पाटी पुसट झाली म्हणून पाळकसाहेबांनी ती लडकूला रंगवायला दिली. हात सुबक आणि फुकटचा, हे मंडळीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. सात आज्ञा झपाझप झाल्या. आठवी चोरीची. ‘चोरी’ एवढा शब्द रंगला आणि ब्रश थांबला. लडकूने आयुष्यात कुणाच्या कुंपणावरची मिरचीसुद्धा तोडली नव्हती. पण टेबलावरची ती कागदांची चळत त्याच्या डोळ्यांसमोर आली. एकेक काठ कुठल्यातरी गावात, आपल्यासारखंच भिंग घेऊन बसलेल्या माणसाने डोकं शिणवून काढलेला. त्या माणसाचं आपण काय केलं? ब्रशातला रंग ओघळून खाली गेला तरी त्याला भान नव्हतं. तो ओघळ मागाहून पुसायला गेला तर आणखी फरकटला आणि पाटीवर कायमचा राहिला. उरलेल्या आज्ञा त्याने कशाबशा उरकल्या आणि तिथेच, रंगाने माखलेल्या हातांनी, देवाला शब्द दिला की यापुढे दुसऱ्याचा काठ उतरवणार नाही.

त्याची बायको चंद्रा त्याच कारखान्यात बाण्याच्या सुताच्या कांड्या भरायची. तिने ऐकून घेतलं आणि आधी चांगलं तोंडसुख घेतलं. इतकी वर्षं झोपलेलं मन आता जागं झालं ते नेमकं आपल्या अंगावरचं पांघरूण ओढायला, असं तिचं म्हणणं. पण तोंड आणि मन ही तिची दोन वेगळी खाती होती. भांडी विसळता विसळता तिने निकाल देऊन टाकला. “बोललात ना देवाला? मंग आता शेपूट घालायचं न्हाय.”

गफूरसेठने आधी त्याला ताप आलाय का ते विचारलं. मग समजावलं, की धंद्यात सगळेच सगळ्यांचं उचलतात, आपलंही कुणीतरी उचलतच असेल. लडकू म्हणाला, आपलं उचलायला आपलं असं हाय काय? सेठ नमाजी माणूस, दिलेल्या शब्दाची किंमत जाणणारा. पण कारखानाही चालवायचा होता.

“वचन मोड असं मी सांगणार नाही,” तो शेवटी म्हणाला. “पण लूम वचनावर चालत नाही, मास्तर. चढवलेला बीम संपेस्तोवर तुझा स्वतःचा काठ घेऊन ये. नाही आलास तर इथे रामदास बसेल.”

बीम म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला मोठा रूळ. तो रोज थोडा थोडा बारीक होताना लडकूला टेबलावरून दिसायचा. आणि रामदास म्हणजे पलीकडच्या गल्लीतला उतरवणारा. तो चहाच्या निमित्ताने येऊन रुळाकडे बघून जायचा.

आता काठ काढायचा म्हणजे काय, हे लडकूला पहिल्यांदा कळलं. कमळ काढायला जावं तर ते मालेगावचं निघे, कुयरी काढावी तर ती इचलकरंजीची. हात सराईतासारखा चालायचा, पण प्रत्येक रेघ कुणाची ना कुणाची ओळखीची. जन्मभर दुसऱ्याच्या पंगतीत जेवलेल्या माणसाला स्वतःची चूल पेटवता येईना, अशातली गत. शुक्रवारी मुक्या मागांमध्ये तो चौकटी बघत बसायचा, खोडून टाकायचा, पुन्हा बसायचा. प्रार्थना करायचा ती भांडल्यासारखी. तुझ्याच पायी हे केलं, आता तूच दाखव. हट्टाने तो उठला मात्र नाही.

आणि एका शुक्रवारी हात आपसूक चालला. एक लाटेसारखा वेल, त्याला पाच टोकांची पानं, पानांआड लांबट फळं. कमळ नाही, कुयरी नाही, कुठल्या गावच्या पातळात पाहिलेला नाही. लडकूने कागद छातीशी धरला. सेठला काठ एकदम पसंत पडला. जुना बीम संपला, नवा चढला, लडकूने स्वतः खुंट्या ठोकल्या आणि वेल मागावर सरसर वाढू लागला. रामदास येऊन चहा न पिताच गेला. प्रभूने आपलं ऐकलं, या आनंदात लडकूची छाती इंचभर पुढे आली होती.

येणारा रविवार प्रभुभोजनाचा होता. त्या दिवशी मेजावर घालायला एक जुना भरतकामाचा कपडा पेटीतून काढत. राहीबाईने तरुणपणी भरलेला. ती आता म्हातारी, विधवा, चर्चच्या मागच्या खोलीत राहणारी. एके काळी गावोगाव हिंडून बायकांना शास्त्र वाचून दाखवायची. लडकूने प्रार्थनेत अर्धवट डोळे उघडले आणि तो कपडा बघितला. लाटेसारखा वेल. पाच टोकांची पानं. पानांआड लांबट फळं.

लहानपणापासून दर महिन्याला हा कपडा त्याच्या डोळ्यांसमोर होता. डोळ्यांनी तो कधीच उचलला होता आणि हाताने गुपचूप उतरवून दिला होता. चोरी सोडायची शपथ घेतलेल्या माणसाने खुद्द प्रभूच्या मेजावर हात मारला होता. भाकरीचं ताट फिरत त्याच्यापाशी आलं, तेव्हा मनात पाप ठेवून ती खायची नसते म्हणून त्याने तुकडा न घेताच ताट पुढे दिलं. बायकांच्या बाजूने चंद्राने बघितलं.

उपासना संपल्यावर तो राहीबाईकडे गेला. ती वालाच्या शेंगा सोलत होती. त्याने उंबऱ्यात बसूनच सगळं सांगितलं. म्हातारी हसली, आणि हसता हसता तिने आपली गोष्ट सांगितली. मिशनच्या मडमेने तिला द्राक्षवेलाचं छापील चित्र दिलं होतं आणि तसंच भरून आणायला सांगितलं होतं. कारण प्रभूने स्वतःला द्राक्षवेल म्हटलंय. पण राहीबाईने जन्मात द्राक्ष बघितलेलं नाही. चित्र समोर ठेवलं की सुई अडायची. शेवटी परसातल्या मांडवावर तोंडलीचा वेल होता, त्याच्याकडे बघत बघत तिने भरलं. मडम रागावली. द्राक्षांच्या जागी तोंडली बघून रागावणार नाही तर काय? कपडा पेटीत पडून राहिला, तो पुढे एका पाळकांनी बाहेर काढला.

“काठ तुला दिला,” ती म्हणाली. “पर माझा म्हणून सांग. आन एक ऐक. तुला नक्कल बेस येते, हेच तुझं दुखणं हाय. मला ती येत नव्हती, म्हणून मला बघावं लागलं.”

लडकू तसाच कारखान्यात गेला. राहीबाईने परवानगी दिली होती. तो गप्प बसला असता तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण त्याने सेठला उभं राहून सांगितलं, की हा काठ राहीबाईचा हाय, माझा न्हाय. म्हणजे बीम संपेपर्यंत माझा काठ आला न्हाय. रामदासला बोलवा. आणि भिंग, पट्टी, पेन्सिली टेबलावर ओळीने मांडून ठेवल्या.

सेठ भडकला. असा खुळा माणूस भिवंडीत दुसरा नाही, असं त्याने चार शेलक्या शब्दांत सुनावलं. मग त्याने चालत्या मागाकडे बोट केलं. “म्हातारीचा काठ विणला जातोय ना? मग हा बीम तिचा,” तो म्हणाला. “हा संपेपर्यंत ते भिंग तिथेच राहील, तोवर तुझा काठ आण. बस खाली.” त्या पातळांना बाजारात ‘राहीकाठ’ नाव पडलं ते सेठनेच पाडलं. पुढच्या महिन्यात भाकरीचं ताट आलं, तेव्हा लडकूने तुकडा घेतला. काठ अजून नव्हता, पण मन स्वच्छ होतं.

आता तो कागदावर बसेनासा झाला. बघायला लागला. मानकोलीहून सायकलने येताना वाटेत खाडीचं खाजण, भरतीचं पाणी शिरणारी दलदल, लागायचं. वर्षानुवर्षं तो तिथून मान खाली घालून पायडल मारत गेला होता. ओहोटी होती, चिखल ओला आणि गुळगुळीत, आणि त्यावरून एक चिंबोरी, म्हणजे खाडीतला खेकडा, तिरकी तिरकी चाललेली. मागे बारीक ठिपक्यांची दुहेरी ओळ उमटत होती. लडकू सायकल टाकून चिखलात उकिडवा बसला. ठिपके एका बाजूला सरळ, दुसऱ्या बाजूला ठरावीक अंतराने एक गळलेला. चिंबोरीचा एक पाय तुटला होता. तरी पठ्ठी चालत होती, आणि तिची चाल चुकत नव्हती. लडकूच्या मनात आलं, की देवाने पहिल्यांदा जग केलं तेव्हा त्याच्यापुढे कुणी नमुन्याचा तुकडा टाकला नव्हता. ही लंगडीही त्याचीच, आणि ही अजून कुणाच्याच पातळावर नाही. गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन तो कारखान्यात शिरला आणि एका बैठकीत काठ काढला.

सेठने कागद बघितला आणि एक खुंटी राहिलीय म्हणून बोट ठेवलं. लडकू म्हणाला, राहिली न्हाय, तिथं पायच न्हाय. सगळी हकिगत ऐकून सेठने कपाळ धरलं. मुंबईचे व्यापारी निम्मेअधिक शाकाहारी. त्यांच्यापुढे चिंबोरीचं नाव काढलंस तर आधी तुझं कालवण करीन, एवढं बजावून त्याने काठ मागावर चढवला. खुंटी भरून टाकू, असं तो दोनदा म्हणाला. लडकूने दोन्ही वेळा नाही म्हटलं. पहिल्या खेपेला माल थोडाच खपला. दुसऱ्या खेपेला जरा जास्त. लडकूने टेबल सोडलं नाही, आणि वचनही.

अठ्ठ्याहत्तरमध्ये एक नवखा व्यापारी आला. त्याने मालेगावच्या पातळाचा तुकडा टेबलावर टाकला आणि हुबेहूब उतरवून मागितला. लडकू नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच त्याचं लक्ष काठावर गेलं. तिरक्या ठिपक्यांची दुहेरी ओळ. त्याने भिंग लावलं. एका बाजूला ठरावीक अंतराने एक ठिपका नव्हता. उतरवणाऱ्याने इमानाने तुटलेला पायसुद्धा उतरवला होता.

तो त्याचाच काठ होता, चोरीला गेलेला. आपण ज्यांचं उचललं त्यांनाही असंच वाटलं असेल, हे त्याला आता अंगावर कळलं, आणि त्याचे डोळे भरून आले. पण त्या पाण्यातच एक वेडा आनंदही होता. ज्याच्याजवळ उचलण्यासारखं काही नव्हतं, त्याचं कुणीतरी उचललं होतं. व्यापारी विचारत होता, जमेल ना?

“जमेल,” लडकू म्हणाला. “हा काढायला मला कुणाला विचारायला नको. आन मालेगावला गेलात तर त्या मास्तरला माझा सलाम सांगा. म्हणावं, हात बेस हाय तुझा. आता खाडीवर जाऊन बस.”

व्यापाऱ्याला कशाचाच पत्ता लागला नाही. मालेगावला खाडी कुठली, असं तो म्हणाला. तोवर लडकूने नवा कागद ओढला होता आणि पहिला ठिपका टेकवला होता.