एल्साकाकूंचं माहेर

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार एल्साकाकूंचे. महायुद्धानंतर आमच्या कोरीट गावच्या एका फौजीशी लग्न करून त्या जर्मनीहून आल्या, त्या पुन्हा कधीच तिकडे गेल्या नाहीत. त्यांनी शिकवलं म्हणून मी घरातला पहिला पदवीधर झालो.

आज नंदुरबारच्या बाजारात वाळत्या मिरच्यांचा ठसका लागला आणि ती दुपार आठवली. काकूंची आई तिकडे वारल्याचं कळलं होतं. आमच्याकडे दुखवट्याला लेकीला माहेरचं लुगडं येतं. त्यांना आणणारं कोणी नव्हतं. त्या खळ्यात मिरच्या निवडत बसल्या होत्या. माझी आई नवं लुगडं घेऊन गेली.

"ऊठ वं बहिनी, नेस. आते मन्हं घर तुन्हं माहेर शे."

"मन्हाघाई निऱ्या जमत नहीत," काकू म्हणाल्या.

"इतला वरीस झायात, तरी?" आई हसली आणि स्वतः निऱ्या घालू लागली.

काकूंचे डोळे वाहत होते. मला वाटलं, मिरच्या झोंबल्या. पुढे बऱ्याच वर्षांनी माझी आई गेल्यावर ते रडणं समजलं.

त्याच्या कितीतरी आधी, बी.ए. झालो तेव्हा पुण्याहून काकूंना पत्र टाकलं. ते पोचण्याआधीच त्या गेल्या होत्या. लिहिलं होतं : "काकू, मी पास झालो. दिवाळीला येतोय. तुम्हीही माहेरी या, आई वाट पाहतेय."