सुरक्षित पंखा

आता कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला! आधी चहा संपवा, नाहीतर हसताना नाकात जाईल.

तर मी खराडीला नोकरी करतो. काम काय? घरातले पंखे, दिवे, स्पीकर मालकाच्याच फोनचं ऐकतात ना, हे तपासायचं. मध्ये कोणी परका घुसता कामा नये! म्हणजे या विषयात आम्हाला कोण शिकवणार?

त्या रविवारी सई आणि तिचे आई-बाबा कर्वेनगरला आमचं घर बघायला आले होते. सई मला आधीच आवडली होती, अगदी मनापासून. प्रश्न फक्त तिच्या बाबांचा होता. म्हटलं, आज यांना थक्क करून सोडायचं.

"बघा हं, जागेवरून न उठता पंखा!" मी फोनवर बोट टेकवलं.

पंखा ढिम्म.

"येईल, येईल," म्हणत मी वेग पाचवर नेला. ढिम्मच! दिवा लावला, विझवला, परत लावला. छे! मग निदान स्पीकर तरी, म्हणून आवाज पूर्ण चढवून ढोल-ताशा लावला.

आला की हो आवाज! पण खालच्या मजल्यावरून.

"गणपतीला अजून अवकाश आहे ना?" सईच्या बाबांनी विचारलं.

इतक्यात दारात खालच्या लिमये काकू. डोक्यापासून पायापर्यंत पिठाने पांढऱ्या!

"अरे, मी भाजणी चाळत होते आणि पंखा आपोआप सुटला! दिवे लुकलुकतायत, ढोल बडवतायत. घरात काय शिरलंय रे?"

तुम्ही असतात तर गप्प बसला असतात. मी? पोह्यांची बशी हातात घेऊन उभाच राहिलो.

"काकू, घाबरू नका. हे हॅकिंग आहे! दोन्ही घरांचा ताबा घेतलाय कोणीतरी. माणूस भलताच हुशार दिसतोय."

"पोलिसांना कळवू का?" बाबांनी खिशातून फोन काढला.

"कळवा!" मी म्हणालो. अहो, खरंच म्हणालो!

"एक मिनिट. तुमचा फोन बघू," सई म्हणाली. तिने बघितला. "वर 'काकूंचं घर' लिहिलंय."

झालं! आदल्या दिवशी काकूंकडे ही सगळी यंत्रं मीच बसवून दिली होती. त्यांचा फोन बटणांचा, म्हणून माझ्याच फोनला जोडली. आणि नंतर फोनवर आपल्या घरी परतायचंच विसरलो!

"बाबा, पोलीस नकोत," सई शांतपणे म्हणाली. "हॅकर सापडला. पोहे खातोय."

काकूंनी माझ्या हातातली बशी काढून घेतली. "खाऊन झालं असेल तर खाली चल. केरसुणी दाराआड आहे."

मग काय! वर मंडळी चहा पीत होती आणि खाली मी पलंगाखालची भाजणी झाडत होतो. जाता जाता सईचे बाबा काकूंच्या दारात थांबले, वाकून सगळे कोपरे बघितले आणि म्हणाले, "मुलगा पसंत आहे. केर चांगला काढतो."

लग्न झालं, संसार छान चाललाय. माझ्या नोकरीबद्दल मात्र सासऱ्यांनी आजतागायत एक शब्द विचारलेला नाही.