न विचारलेलं व्हर्जन

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, आणि सांगता सांगता स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटतेय — मग इतकी वर्षं का नाही मारली?

राजवाड्याजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबसाठी रिपोर्ट छापायचा प्रोग्रॅम मी लिहिला होता. आकडे कागदावर उतरवायचं काम मात्र कम्प्युटरमधली सिस्टिमची लायब्ररी, म्हणजे आधीच लिहून ठेवलेला तयार कोड, करायची. ती जुनी असली तर कधी कधी आकड्यातला दशांशाचा पॉइंट गिळायची. मला ठाऊक होतं. ठाऊक होतं! म्हणूनच, सुरू होताना प्रोग्रॅमने तिला व्हर्जन विचारायचं, जुनं निघालं तर तिथेच थांबायचं — एवढंच. पण ते विचारणं काही केल्या जमेना, आणि मला घरी जायचं होतं. माझ्या ऑफिसातल्या नव्या लायब्ररीचा व्हर्जन नंबर मी हातानेच प्रोग्रॅममध्ये लिहून टाकला. आता कुठेही चालवा, स्क्रीनवर येणार — व्हर्जन ठीक आहे. न विचारताच!

लॅबचा कम्प्युटर जुना होता.

सांवेरच्या एका आजोबांचं क्रिएटिनिन १.१ होतं. रिपोर्टवर छापलं गेलं ११. किडन्या गेल्या म्हणून त्यांच्या मानेत डायलिसिसची नळी घातली. दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट आला, तेव्हा काढली. वाचले ते — पण त्यात माझं काय कर्तृत्व?

लॅबमध्ये आकडे भरायच्या शुभदाताई, आमच्याच गल्लीतल्या. लॅबचे मालक भडकले, "भिया, साफ सांगा, गलती प्रोग्रॅमची की हिची?"

"बघतो," म्हणून मी कम्प्युटरसमोर बसलो. ताईंनी भरलेलं १.१ समोर स्वच्छ दिसत होतं. मी तो पॉइंट पुसला. हो — पुसला. मग मालकांना बोलावून दाखवलं. संध्याकाळी गुपचूप नवी लायब्ररी टाकली. शुभदाताईंची नोकरी तेव्हा गेलेलीच होती.

त्या घरी आल्या. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "तूच सांग रे, मी खरंच पॉइंट विसरले? मला तर आठवतंय, दाबला होता."

"होतं असं, ताई," मी म्हणालो. किती गोड आवाजात! त्या आवाजाची आजही शिसारी येते.

ताईंनी पुन्हा आकड्यांचं काम घेतलं नाही. आता विजेचं बिल आलं तरी दोनदा वाचतात, आणि मलाच हाक मारतात — "बरोबर वाचलं ना रे मी?"

मी मान डोलावतो.